दोन रंगांमधली रेघ

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात, रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजांमधून हिंडत असे. इंजिनिअरिंगचं शिक्षण त्यानं अर्धवट सोडलं होतं, नाचाच्या बँडमध्ये बँजो वाजवून चार पैसे मिळवले होते आणि आता थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. ही कंपनी त्या वेळी मुख्यतः पॉलिश पेपरच बनवायची. एका गॅरेजात तो पोचला तेव्हा तिथले रंगारी वैतागलेले होते. दुरंगी मोटारींची टूम नुकतीच निघाली होती. पहिला रंग मारायचा, तो वाळला की त्यावर कागद चिकटवायचा, उरलेल्या भागावर दुसरा रंग मारायचा आणि कागद काढायचा. कागद बसवायला सरस, नाहीतर दवाखान्यातली चिकटपट्टी. ती ओढली की खालचा ताजा रंगही तिच्याबरोबर सोलून यायचा. झालेलं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय काढून देतो, असं ड्रू तिथल्या तिथे बोलून बसला. उपाय कुठला, याची त्याला कल्पना नव्हती. तेलं, राळ, सरस असं काय काय मिसळून बघण्यात बराच काळ गेला. वरिष्ठ अधिकारी विल्यम मॅकनाइट यांनी मध्येच त्याला हा नाद सोडून आपल्या कामाला लागायला सांगितलं. ड्रूनं नाद सोडला नाही. १९२५ मध्ये चुण्या असलेल्या क्रेप कागदाची, दोन इंच रुंदीची पट्टी तयार झाली. नीट चिकटणारी, तरीही खालचा रंग न ओरबाडता निघणारी. सुरुवातीच्या एका नमुन्यात चिकटा फक्त कडांना होता. त्यावरून एका रंगाऱ्यानं कंपनीच्या कंजूषपणाची टर उडवली आणि त्या टोमण्यातूनच पुढे ‘स्कॉच’ हे नाव आलं, असा किस्सा सांगतात.

मास्किंग टेप जन्माला आली ती अशी, दुरंगी मोटारीच्या पोटी. आज गाडी दोन रंगांत रंगवायची म्हटली की घरात चर्चा रंगते ती रंगांवर. हिरवा घ्यायचा की मरून, वर क्रीम शोभेल की पांढराशुभ्र. दोन रंग जिथे एकमेकांना भेटणार ती रेघ मात्र बहुतेक जण पेंटरच्या भरवशावर सोडून देतात. इरकली किंवा पैठणी निवडताना ज्या बायका काठ आधी बघतात, त्यांना यातली चूक सांगावी लागणार नाही. दुरंगी काम उठतं ते सांध्यावर आणि फसतं तेही तिथेच. रंग साधारण असले आणि रेघ बरोबर बसली तर गाडी देखणी दिसते. रंग परदेशी आणि रेघ भलतीकडे, तर पैसे वाया.

दुरंगी मोटारीसाठी आधी रंगाला झटपट वाळायला शिकावं लागलं. जुन्या काळी मोटारी वॉर्निशच्या जातीच्या रंगांनी, थरावर थर चढवत रंगवत. एकेक गाडी कारखान्यात आठवडेच्या आठवडे वाळत पडायची. हेन्री फोर्डची मॉडेल टी तर १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. ड्यूपाँट कंपनीनं जनरल मोटर्ससाठी नायट्रोसेल्युलोजचं ‘ड्यूको’ हे लॅकर आणलं आणि १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर त्याचा निळा रंग झळकला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. एक रंग इतक्या लवकर वाळतो म्हटल्यावर दुसऱ्याचा मोह होणारच. १९२७ च्या लासाल गाडीत हार्ली अर्ल या आराखडाकारानं दोन रंगांचा असा काही वापर केला, की जनरल मोटर्सनं रंगरूपासाठी वेगळा विभागच काढला आणि तो त्याच्या हाती दिला. मुंबई-पुण्यातले फर्निचरचे रंगारी आजही स्प्रेनं केलेल्या गुळगुळीत रंगकामाला ‘ड्यूको’ म्हणतात. डबा कुठल्याही कंपनीचा असो.

पण सांधा कुठे घ्यायचा, हा प्रश्न झटपट रंगानं सुटला नाही. तो वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या रीतीनं सोडवला आणि त्यांच्या युक्त्या आजच्या गाडीमालकालाही उपयोगी पडतात.

पहिली युक्ती, सांधा झाकण्याची. १९५५ च्या शेव्हर्ले बेल एअरचे फोटो पाहा. फिकट निळा आणि हस्तिदंती, किंवा लाल आणि पांढरा. दोन्ही रंगांच्या सीमेवर क्रोमची चकचकीत पट्टी धावते. ती शोभेची तर आहेच, शिवाय रंगाची कड तिच्याखाली लपते. कड जराशी वाकडी गेली तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. दुसरी युक्ती, पत्र्यातच रेघ घडवण्याची. फोक्सवॅगनच्या जुन्या मायक्रोबसला पुढच्या तोंडावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी उठावाची घडी आहे. ती दोन्ही बाजूंनी वळून खिडक्यांखालून मागे जाते. वरचा रंग या घडीपर्यंत, खालचा रंग तिच्यापासून पुढे. रंगाऱ्याला स्वतःचं डोकं चालवायची गरजच ठेवलेली नाही. १९५६ च्या कॉर्व्हेटमध्ये पुढच्या चाकाच्या मागे दारावर एक खोलगट भाग घडवला होता आणि तेवढाच भाग वेगळ्या रंगात मिळे. सीमा तिथेही गाडीच्या घडणीनंच आखून दिली होती.

तिसरी युक्ती महागडी. रोल्स-रॉइसच्या इंग्लंडमधल्या गुडवुड कारखान्यात गाडीच्या अंगावरून जाणारी बारीक रेघ हातानं ओढली जाते. खारीच्या केसांचा ब्रश असतो आणि मार्क कोर्ट या कारागिराचं नाव या कामासाठी जगभर माहीत आहे. तिथे चुकीला जागा नाही, कारण झाकायला पट्टी नाही.

मराठी माणसाच्या ओळखीचं उदाहरण रुळांवरचं आहे. १ जून १९३० रोजी मुंबई-पुण्यादरम्यान धावू लागलेल्या डेक्कन क्वीनचे सुरुवातीला सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावरच्या पट्ट्या लालभडक. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे तिथेही एक रंग पसरलेला आणि दुसरा फक्त कडेपुरता. दोन्ही रंगांना निम्मं-निम्मं अंग वाटून देण्याचा मोह त्या रंगाऱ्यांना झाला नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. निम्म्या-निम्म्या वाटणीत गाडी बहुधा दोन तुकड्यांची दिसते. एकाला राज्य आणि दुसऱ्याला छोटी जहागीर दिली की दोघंही शोभतात.

मुंबईच्या काळी-पिवळीनं हेच केलं. अंग काळं, छप्पर पिवळं. ही रंगसंगती स्वातंत्र्यसैनिक व्ही. बी. गांधी यांनी पंडित नेहरूंना सुचवली, असं टॅक्सीचालकांच्या संघटनेचे जुने लोक सांगत आले आहेत. कारण असं देतात की पिवळं छप्पर लांबून दिसावं आणि खालच्या काळ्यावर डाग-चिखल उठून दिसू नयेत. किस्सा शब्दशः खरा असो-नसो, त्यातला हिशेब पक्का आहे. गाडीचा खालचा भाग चाकांनी उडवलेला चिखल, खडी आणि फुटपाथच्या कडांचे ओरखडे झेलतो. वरचा भाग ऊन झेलतो आणि लांबून ओळख देतो. कुठला रंग वर आणि कुठला खाली, याचं उत्तर या दोन कामांतूनच निघतं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाडीवर ही संगती इतकी वर्षं राहिली की तिच्याशिवाय मुंबईचा सिनेमा पुरा होत नसे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत भरल्यानं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली.

टॅक्सी म्हणून गेली. घराघरांतल्या खासगी पद्मिनी अजून आहेत आणि दुरंगी रंगकामाचा बेत आखायला त्यांच्याइतकी सोयीची गाडी मिळणं कठीण. समजा, साताऱ्याकडच्या एखाद्या घरात आजोबांनी १९८० च्या आसपास घेतलेली पद्मिनी उभी आहे. नातवाला ती बाटलीसारख्या हिरव्या आणि हस्तिदंती रंगात रंगवायची आहे. त्यानं रंगाचं कार्ड उघडण्याआधी काय करावं?

आधी गाडीचा बाजूनं, समोरून, मागून आणि तिरका असा फोटो काढावा. मोबाइल गुडघ्यावर बसून, दाराच्या मध्याच्या उंचीवर धरावा. वरून काढलेल्या फोटोत छप्पर उगाच मोठं दिसतं. या फोटोंच्या साध्या कागदावरच्या प्रती काढून रंगीत पेन्सिलींनी चार-पाच वेगवेगळ्या रेघा आखून पाहाव्यात. हे काम संगणकावरही होतं, पण कागद भिंतीवर लावून चार दिवस येता-जाता बघता येतो. पद्मिनीच्या छपराभोवती पाणी वाहून नेणारी पन्हळ आहे. तिथे सांधा घेतला तर फक्त टोपी रंगेल, खांब खालच्या रंगात राहतील. खिडक्यांच्या खालच्या कडेशी घेतला तर खांबांसकट सगळा वरचा मजला हस्तिदंती होईल. बाजूला क्रोमची पट्टी असेल तर तिच्याखालीही घेता येतो आणि तेव्हा गाडी पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाडीच्या चालीवर जाते. तिन्ही बरोबर आहेत. तिन्ही गाड्या वेगळ्या दिसतील.

कागदावर एक रेघ ठरली की ती प्रत्यक्ष गाडीवर साध्या मास्किंग टेपनं चिकटवून पाहावी. मग वीस-पंचवीस फूट मागे जाऊन, गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी. बाजूनं झकास वाटणारी रेघ मागच्या डिकीवर जाऊन अचानक संपते किंवा बॉनेटच्या कोपऱ्यावर अडखळते, हे इथेच कळतं. रेघेला सुरुवात असते तसा शेवटही लागतो. तिनं कुठल्या तरी फटीत, घडीत, रबराच्या बीडिंगखाली किंवा दिव्याच्या कडेत शिरावं. सपाट पत्र्याच्या मधोमध ती थांबली तर काम अपुरं राहिल्यासारखं दिसतं.

नव्या गाड्यांत हाच घोळ मोठा असतो. जुन्या गाड्यांना पन्हळ होती. आजच्या गाडीचं छप्पर आणि मागचा खांब एकाच सलग पत्र्यात वाहत खाली उतरतात. मग काळं छप्पर संपवायचं कुठे? कंपन्यांनी वाट काढली ती मागच्या खांबावर काळ्या प्लास्टिकची पट्टी बसवून. रंग तिथे तुटतो आणि छप्पर हवेत तरंगल्यासारखं भासतं. बीएमडब्ल्यूनं पुन्हा आणलेली मिनी, सित्रोएनची डीएस३, रेंज रोव्हरची इव्होक यांनी वेगळ्या रंगाच्या छपराची आवड पुन्हा जगभर पसरवली. मूळच्या मिनीचं तर १९६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीतलं लाल अंग आणि पांढरं छप्पर मोटारवेड्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भारतात मारुतीची २०१६ ची विटारा ब्रेझा आणि २०१७ ची टाटा नेक्सॉन यांच्यामागोमाग दुरंगी छप्पर अगदी रोजच्या पाहण्यातलं झालं. घरच्या एकरंगी गाडीवर असं छप्पर हवं असेल, तर कंपनीच्याच दुरंगी मॉडेलचा रंग कुठे तुटतो ते शोरूममध्ये जाऊन बोटानं चाचपून पाहावं. फुकटचा धडा आहे.

आता रंगांकडे. इथे फॅशनचा काळ्या छपराकडे ओढा आहे आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्याचा त्याला सक्त विरोध असायला हवा. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन होंडा सिव्हिक उन्हात शेजारी उभ्या केल्या होत्या. चंदेरी गाडीचं छप्पर काळ्यापेक्षा २५ अंश सेल्सिअसपर्यंत कमी तापलं आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड राहिली. त्या गाड्यांचं सगळंच अंग काळं किंवा चंदेरी होतं, आणि काचेतून येणारं ऊन कुठल्याच रंगाला जुमानत नाही, हे खरं. तरी सगळ्यात जास्त ऊन खाणारा पत्रा छपराचाच. शिवाय वरचं पारदर्शक क्लिअर सगळ्यात आधी पोपडे धरतं ते छपरावर आणि बॉनेटवर. फिकट रंगावर ते कमी खुपतं. काळं छप्पर गाडी बुटकी आणि चपळ भासवतं, फिकट छप्पर उंच आणि हवेशीर. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, पण एसीचा आवाज ऐकत घ्यावं.

दोन रंग एकमेकांपासून पुरेसे लांब असावेत. राखाडीशेजारी किंचित गडद राखाडी ठेवला तर बघणाऱ्याला दुरंगी गाडी न दिसता अपघातानंतर बदललेलं दार दिसतं. त्याचबरोबर दोन्ही रंग भडक असले की भांडण होतं. एक बोलका आणि एक गप्प, हा हिशेब सहसा चुकत नाही. निवड छापील कार्डावरून करणं तर सरळ जुगार. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्या कशा बसतात हे स्प्रे गनचा दाब, अंतर आणि हात किती जलद फिरला यावर ठरतं. म्हणून एकाच डब्यातला रंग दोन कारागिरांच्या हातून दोन छटांचा उतरू शकतो. शहाणा मालक आधी पत्र्याच्या दोन तुकड्यांवर, त्याच पेंटरकडून, त्याच गननं, क्लिअरसकट नमुना मारून घेतो. मग ते तुकडे एकमेकांना लावून दुपारच्या उन्हात, संध्याकाळी आणि रात्री रस्त्याच्या दिव्याखाली बघतो. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये जुळलेले दोन रंग बाहेर उन्हात एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, असं पुष्कळदा होतं.

गाडी जुन्या मोटारींच्या स्पर्धेत किंवा प्रदर्शनात न्यायची असेल तर प्रश्न वेगळा. तिथे परीक्षकांना मूळ रंग प्यारा असतो. साताऱ्याच्या नातवाची पद्मिनी एकरंगी आली असेल आणि त्याला पदकाची हौस असेल, तर हिरवा-हस्तिदंती बेत त्यानं मनातच ठेवलेला बरा.

गॅरेजातलं काम सुरू होतं ते रंगानं नाही, ठोकाठोकीनं. डेंट काढायचे, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, खळग्यांत लांबी भरायची, ती घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. चकचकीत रंग खालचा प्रत्येक उंचसखलपणा चव्हाट्यावर आणतो आणि गडद रंग सगळ्यात जास्त. दुरंगी कामात सांध्याच्या रेघेजवळची घासाई दुप्पट मन लावून व्हायला हवी, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच खिळणार. दारांचे हँडल, दिवे, आरसे, काचांची रबरं आणि क्रोम काढून काम करणारा पेंटर जास्त पैसे मागतो. ते द्यावेत. सगळं जागेवर ठेवून कडेनं टेप लावणाऱ्याचं काम वर्षभरात त्या कडांवरूनच उचकटायला लागतं. दाराच्या आतल्या कडा कुठल्या रंगात रंगवायच्या, हेही आधीच बोलून घ्यावं. दार उघडल्यावर आतून जुना रंग डोकावला तर सगळा थाट उतरतो.

मग कुठला रंग आधी? बरेच कारागीर फिकट आधी मारतात आणि गडद नंतर, कारण गडद रंग फिकटाला सहज झाकतो, उलट करायला जास्त कोट लागतात. पद्मिनीत हस्तिदंती छप्पर आधी, मग त्यावर टेप आणि कागद, मग हिरवं अंग. रेघेवर लावायची टेप घरकामाची जाड, भुरकट नको. रेघेसाठी प्लास्टिकची अरुंद, ताणली जाणारी टेप वेगळी मिळते. ती वळणावर सुरकुतत नाही आणि तिच्याखालून रंग झिरपत नाही. तिच्यामागे मग रुंद कागदी टेप आणि तपकिरी कागद. वर्तमानपत्र झाकायला स्वस्त पडतं, पण थिनरनं त्याची शाई उतरून खालच्या रंगावर ठसा उमटवू शकते. हस्तिदंती छपरावर उलटी अक्षरं उमटलेली गाडी कोणालाच नको असते.

जुने हुशार पेंटर एक छोटी करामत करतात. टेप लावून झाल्यावर तिच्या कडेवर आधी पहिल्याच रंगाचा किंवा क्लिअरचा हलका हात मारतात. झिरपायचं असेल ते तेवढंच झिरपतं आणि दिसत नाही. मग दुसऱ्या रंगाला आत शिरायला वाट उरत नाही. रंग पातळ कोटांत मारायचा. रेघेपाशी जाड थर साचला की तिथे पायरी उभी राहते. टेप काढताना ती सरळ वर न ओढता मागे दुमडून, हळूहळू, रंग पुरता कडक होण्याआधी काढायची. घाई केली तर रंग तारेसारखा ओढला जातो, फार थांबलं तर कड तुटते.

शेवटी दोन्ही रंगांवर मिळून एकच क्लिअर. दुरंगी कामाचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. एका रंगावर आज क्लिअर, दुसऱ्यावर उद्या असं केलं तर रेघेवर बोटाला लागणारी कड कायम राहते आणि पुढे पॉलिश करताना तीच आधी झिजते. दोन्ही बेस कोट मारून, ठरलेल्या वेळेत, सलग दोन-तीन कोट क्लिअर मारलं की पायरी त्यात बुडते. वाळल्यावर १५०० आणि २००० नंबरच्या पाणपेपरनं घासून रबिंग केलं की नख फिरवूनही सांधा कळत नाही. बेस कोटवर किती वेळानं क्लिअर मारायचं हे डब्यावर छापलेलं असतं. तो आकडा मालकानं स्वतः वाचावा. पेंटर जेवायला घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी आला, एवढ्यानंही दोन थरांची पकड सैल होऊ शकते.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत जुन्या जातीच्या लॅकरवर पांढरी झाक येते. नव्या टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायच्या रंगांतला हार्डनर पाण्याशी झटपट झोंबतो आणि चमक मरते किंवा बुडबुडे येतात. बंद बूथ असला तरी कॉम्प्रेसरच्या नळीतून येणाऱ्या हवेतही पाणी असतं, त्यासाठीचा पाणी अडवणारा फिल्टर गॅरेजात आहे का ते विचारावं. रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात ते बहुतेक वेळा सिलिकोनमुळे आणि ते सिलिकोन येतं डॅशबोर्ड व टायर चमकवणाऱ्या पॉलिशमधून. गाडी रंगायला देण्याआधी महिनाभर हे पॉलिश लावू नये.

टू-के रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून टू-के क्लिअर मारणारे पोरगे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. जिथे पेंटरला धड मास्कही मिळत नाही तिथे स्वस्तात काम होतं ते कोणाच्या फुप्फुसांच्या जिवावर, हे मालकाला ठाऊक असावं.

खर्चाला बिचकणाऱ्यांसाठी व्हिनाइलचा पर्याय आहे. छपरावर काळी किंवा रंगीत फिल्म लावून घेतली की एका दिवसात गाडी दुरंगी होते, मन बदललं तर फिल्म निघते आणि कंपनीचा मूळ रंग खाली शाबूत राहतो. कारखान्यातला रंग आणि त्याखालचे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यांची पकड गल्लीतल्या कामाला सहसा येत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या नव्या गाडीवर रंग मारण्यापेक्षा फिल्म शहाणपणाची. उन्हात ती काही वर्षांत तडकते, कडांना सुटते आणि फार जुनी झाली की काढताना त्रास देते, एवढं मात्र धरून चालावं. गंज खाल्लेल्या पद्मिनीवर फिल्म लावण्यात अर्थच नाही. खालचा पोपडा तिच्यासकट सुटेल.

रंगाचा डबा फोडण्याआधी कागदपत्रं. गाडीच्या आरसीवर रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाचा रोख असा की आरसीवरचा तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत पडू नये. म्हणून आधी आरटीओत विचारून परवानगी घ्यावी, काम झाल्यावर दोन्ही रंगांची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं. नोंद नसलेला रंग चोरीच्या तपासात आणि विम्याच्या दाव्यात आडवा येतो. लष्करी ऑलिव्ह ग्रीन तर मागूच नये, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानं तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. साताऱ्याच्या नातवानं हिरवा निवडताना हे बघितलेलं बरं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग रंग. तपासणीत गाडी नापास झाली तर नव्या रंगाचं काय लोणचं घालायचं?

गाडी ताब्यात घेताना उन्हात उभी करून रेघ दोन्ही बाजूंनी तपासावी. डाव्या दारावर ती जमिनीपासून जितक्या उंचीवर आहे तितकीच उजव्यावर हवी, हे साध्या मेजर टेपनं दोन मिनिटांत कळतं. पहिले काही आठवडे वॅक्स लावू नये, कारण रंगातलं उरलेलं द्रावण बाहेर पडायला वाट लागते. साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं धुवावी. आणि पेंटरकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. दोन्ही रंगांचं मिश्रण कुठल्या टिंटरचं किती ग्रॅम घेऊन केलं याची छापील चिठ्ठी आणि उरलेल्या रंगाचे झाकण घट्ट लावलेले दोन छोटे डबे, वर नाव आणि तारीख लिहिलेले. एकरंगी गाडीचं दार खरचटलं तर एक रंग जुळवावा लागतो. दुरंगी गाडीत ओरखडा सांध्यावरून गेला तर दोन रंग जुळवावे लागतात आणि ती रेघ पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर आणावी लागते. म्हणून चिठ्ठीच्या मागे पुढच्या दाराच्या कडेपाशी रेघ जमिनीपासून किती सेंटीमीटरवर आहे तेही लिहून ठेवावं. तेव्हा टायरमध्ये हवा किती होती, तेसुद्धा.